पँटची साइज म्हणजे पोटाचा घेर नव्हे

मंडळी, आधीच कबूल करतो, माझ्या खिशात टेप आहे, शिंप्याकडे असतो ना तसला कापडी, आणि तो बाहेर काढला की पहिल्या दोन रांगांतली पोटं आपोआप आत जातात. (हशा) बघा, गेली! घाबरू नका, कुणाला स्टेजवर बोलावणार नाहीये.

पेशंटला मी विचारतो कंबर किती, तर लगेच उत्तर येतं, ३४, कॉलेजपासून ३४च आहे डॉक्टर. आणि ते खोटं बोलत नसतात, पँट खरंच ३४ची असते, फक्त ती आता बेंबीच्या खाली चार बोटं उतरलेली असते आणि पट्ट्याचं बकल पोटाखाली गेलेलं असतं, उभं राहून मान खाली घातली तर स्वतःला दिसत पण नाही. टेप लावला की निघतात ४१ इंच. टेप लावायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर, न आवळता. पोट आत घेऊन मोजलं तर मग कशाला मोजायचं.

आता हे पोट म्हणजे काय असतं नेमकं? चिमटीत धरता येते ती चरबी कातडीखालची, ती आरशात दिसते म्हणून लोक तिच्यावरच चिडतात. खरी भानगड तिच्या आत, स्नायूंच्या पलीकडे. आतड्यांच्या पुढे एक पडदा लोंबत असतो, ओमेंटम म्हणतो आम्ही. सर्जन मित्र सांगतात की बारीक माणसात तो जाळीसारखा पातळ दिसतो आणि ढेरी सुटलेल्या माणसात तीच पिवळ्याधमक चरबीची गोधडी झालेली असते, हाताने बाजूला सारावी लागते तेव्हा कुठे आतडी दिसतात. म्हणून तर काही पोटं नुसती लोंबतात आणि काही नगाऱ्यासारखी ताठ असतात, आणि ताठवाले मला अभिमानाने म्हणतात हात लावून बघा, सगळा मसल आहे. मसल आहेच हो, पण त्याला आतून कोण ढकलतंय ते बघा ना.

या आतल्या चरबीचा पत्ता वाईट आहे. आतड्यांकडून आणि या ओमेंटमकडून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून लिव्हरमधे जातं. म्हणजे ही चरबी जे काही सोडेल, फॅटी अ‍ॅसिड्स म्हणा, सूज वाढवणारी रसायनं म्हणा, ते पहिलं लिव्हरच्या दारात. मग लिव्हरमधेच चरबी साठायला लागते, ते रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबीच, ओततं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल खाली येतं, आणि इन्सुलिन बिचारं सांगतंय की बास, साखर बनवू नकोस, तर लिव्हर ऐकत नाही. मग पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, अजून इन्सुलिन सोडतं, असं कित्येक वर्षं चालतं आणि या सगळ्या काळात फास्टिंग शुगर नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे माणूस खूष. तिकडे बीपी चढतंय, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चरबी साठतेय, आणि त्याची कळ वगैरे काही येत नाही. सगळा दोष पोर्टल व्हेनचाच असं नाही, त्यावर आमच्यात वाद आहेत, पण चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, यावर फारसा वाद नाही. मार्सेलचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहिलं होतं की वरच्या अंगाला चरबी साठणाऱ्यांना डायबेटिस वगैरे जास्त, मांड्या-नितंबांवर साठणाऱ्यांना कमी. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही.

एक प्रयोग मला फार आवडतो. २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची लायपोसक्शन झाली, पोटाच्या कातडीखालची सरासरी दहाएक किलो चरबी नळीने ओढून काढली. दहा किलो म्हणजे विचार करा! १०-१२ आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनला प्रतिसाद तसाच, बीपी तसंच, शुगर, कोलेस्टेरॉल काही हललं नाही. कारण काढली ती बाहेरची, आतली आणि लिव्हरमधली जागच्या जागी. याच्या उलट टोकाचा एक दुर्मिळ आजार आहे, लायपोडिस्ट्रॉफी, त्यात कातडीखाली चरबी साठतच नाही, माणूस दिसायला हाडकुळा आणि आत जबरदस्त डायबेटिस नि फॅटी लिव्हर. म्हणजे कातडीखालची चरबी ही आपली कोठी आहे, ती भरली किंवा मुळातच लहान असली की माल नको तिथे सांडतो, लिव्हरमधे, स्नायूंमधे, हृदयाभोवती सुद्धा.

आणि ही कोठी प्रत्येकाची सारखी नसते. त्याच २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचा फोटो छापला, पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सेम, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! वजनकाट्याला काय कळणार यातलं. ५२ देशांतल्या २७ हजार लोकांच्या अभ्यासातही तेच दिसलं, हार्ट अटॅकशी बीएमआयचा संबंध किरकोळ, कंबर आणि नितंबांच्या मापाच्या गुणोत्तराचा मात्र पक्का. म्हणून तर दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, युरोपियनांसाठी ९४, बायकांसाठी दोन्हीकडे ८०. आकडे लक्षात राहत नसतील तर उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर, एवढं धरा. पाळी गेल्यानंतर बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, वजन तेवढंच राहून सुद्धा, तेव्हा त्यांनी काट्यावर तर अजिबात विसंबू नये.

आता तो प्रश्न, मला माहितीये कोण विचारणार आहे ते, क्रंचेस मारले तर पोट जाईल का? नाही हो. पोटाचे स्नायू घट्ट होतील, पण स्नायूच्या मागची चरबी त्या स्नायूचं ऐकत नाही, ती अख्ख्या शरीराच्या हिशोबाने जाते. चांगली बातमी अशी की जी इतकी छळते ती आतली चरबी आधी हलते. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी ती त्यामानाने बरीच जास्त उतरते, आणि रोजचं दमवणारं चालणं असेल तर कधीकधी काटा न हलता घेर कमी होतो. झोप, दारू, सिगरेट यावर मी बोलायला लागलो तर तुम्ही उठून जाल.

मागे एक गृहस्थ तीन महिन्यांनी आले, तोंड पाडून, डॉक्टर रोज पाऊण तास चालतोय आणि वजन उतरलं फक्त एक किलो, हे काही खरं नाही. मी टेप लावला, चार सेंटिमीटर कमी, ट्रायग्लिसराइड पण उतरलेलं. तरी त्यांचा विश्वास बसेना, आकडे काय हो, म्हणाले. मग निघताना दारात थांबले, खाली बघितलं आणि म्हणाले, पण बकल दिसायला लागलंय खरं.