तुमच्या घरातला न दिसणारा भाडेकरू

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखल्या होत्या, पाहुणे काही आलेले नाहीत.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मालमत्ता कराच्या आकारणीवर हरकत कशी घ्यावी’. ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट, जी मी सोसायटीच्या वार्षिक सभेत दर वर्षी सुरू करतो आणि दर वर्षी ‘चला, पुढचा विषय’ म्हणून मला खाली बसवतात. आज माईक माझ्या हातात आहे.

तुमच्या प्रत्येकाच्या घरात एक भाडेकरू राहतो. तो दिसत नाही, भाडं देत नाही, लिफ्ट बंद पडल्याची तक्रारही करत नाही. पण तुमचा कर त्याच्यामुळे ठरतो. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम उघडा, त्याच्या अनुसूची ‘ड’मध्ये कराधान नियम आहेत, त्यातला ७ वा वाचा. जागा वर्षभरासाठी भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य. महिना १,००० रुपये भाडं धरलं, तर वर्षाचे १२,०००, वजा १,२००, राहिले १०,८००. सगळे कर या १०,८०० वर टक्केवारीनं बसतात. फ्लॅट तुम्ही केवढ्याला घेतला, आज केवढ्याला जाईल, याचा इथे थेट संबंध नाही. घोडबंदरला मेट्रो येणार म्हणून दलाल काय भाव सांगतो, याचा तर नाहीच. मुलुंड चेकनाका ओलांडलात की गोष्ट वेगळी. मुंबईनं २०१० पासून भांडवली मूल्याची, म्हणजे जागेच्या बाजारभावाशी जोडलेली पद्धत घेतली. ठाण्यात आपण अजून या भाडेकरूच्याच कृपेवर आहोत.

नौपाड्यातल्या जुन्या पागडीच्या इमारतींतले कोणी आहेत का? आहेत, हात दिसले. तुमच्यासाठी दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा. कल्पनेतला भाडेकरू असला तरी त्याचं भाडं भाडेनियंत्रण कायद्यातल्या प्रमाणित, म्हणजे कायद्यानं बांधून दिलेल्या, भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही, असं त्यात म्हटलं. पुढे या तत्त्वाला बरेच फाटे फुटले, त्यात आज शिरत नाही. आणि ‘पुण्यात ४० टक्के सवलत आहे, आपल्याला का नाही’ हे कृपया विचारू नका. स्वतः राहणाऱ्यांना ती १९७० पासून होती, मधे गेली, २०२३ मध्ये परत मिळाली. पुणेकरांचं भांडण पुणेकरांना लखलाभ.

आता माझी आत्या. वय ऐंशीच्या पुढे. राहते कुठल्या महापालिकेत ते सांगणार नाही, ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत, बसा अंदाज बांधत. दुसरा मजला, जिना चढलं की समोरासमोर दोन दारं, मधल्या भिंतीवर निळी पत्र्याची पाटी: ‘येथे पिको-फॉल करून मिळेल’. पाटी शेजारणीची. खाली तिच्या दाराकडे बोट दाखवणारा बाण होता. तो दोन-चार पावसाळ्यांत गंजून गेला.

एक दिवस आत्याचं बिल दुपटीच्या वर गेलं. तिचं म्हणणं, महागाई आहे, होतं असं. मी बिल हातात घेतलं. आपण सगळे बिलाचा खालचा आकडा बघतो आणि कपाळाला हात लावतो. मधल्या ओळी वाचायच्या असतात हो! सामान्य कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर, आणि त्याखाली, रोजगार हमी कर. तिथेच मला कळलं. रोजगार हमी कर राहत्या घराला लागत नाही, तो बिगरनिवासी जागेला असतो. आपल्या वि. स. पागे यांची ती योजना, दुष्काळात माणसाला काम देणारी, आणि तिचा कर माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरावर! आत्या म्हणाली, “अरे, मी कुणाला रोजगार दिलाय? एक भांडीवाली येते, तीही अर्धा महिना गावाला.”

म्हणजे पाहणीला आलेल्या माणसानं पाटी वाचली, आत्याचं दार उघडं दिसलं, आणि ‘वापर’च्या रकान्यात दुकान बसवलं. शेजारीण बिचारी कानकोंडी झाली, स्क्रूड्रायव्हर घेऊनच आली पाटी काढायला. आत्यानं अडवलं. “पाटी काढलीस तर मी दाखवू काय?” बरोबर होतं तिचं. तो पुरावा होता. आम्ही फोटो काढले, विजेची बिलं जोडली, त्यावर घरगुती वापर स्पष्ट छापलेला असतो, आणि सोसायटीचं पत्र.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, “आजी, मशीन कुठे ठेवता?” आत्या म्हणाली, “मला सुईत दोरा दिसत नाही. मशीन शेजारी आहे, बोलावू का तिला?” मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. शेजारणीला कशाला गोवायचं! पण साहेब भले निघाले, फेरपाहणी लावली. तो निरीक्षक जिन्यात उभा राहून पाटीवर बोट फिरवत होता, गंजाच्या खपल्या पडत होत्या, आणि त्याला बाणाचं शेपूट सापडलं. त्यानं पंचनाम्यात लिहिलंय, ‘बाणाची दिशा समोरील सदनिकेकडे’. ती प्रत मी जपून ठेवलीय. नोंद निवासी झाली. मागच्या बिलांसाठी मात्र वेगळा अर्ज करावा लागला...

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं.’ त्यानंतर सत्कार आहे. बरं, मग भरभर घेतो.

‘कर फार आहे, पेन्शनीत परवडत नाही’ ही हरकत होत नाही. तो भाडेकरू काढता येत नाही, पण त्याची जागा, वापर आणि तारीख खोटी असेल तर ती दुरुस्त करता येते. म्हणून आकारणी पुस्तकातला आपला उतारा मागा. क्षेत्रफळ पाहा: चटई की बांधीव, चौरस फूट की मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, इथे सर्रास घोळ होतो. उघडी गच्ची खोली म्हणून धरलीय का? आकारणी कधीपासूनची, आणि भोगवटा प्रमाणपत्राची तारीख काय? अनधिकृत असा शिक्का असेल तर कलम २६७ अ खाली शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते, तिकडे आधी लक्ष द्या.

जागेची पहिल्यांदा नोंद झाली किंवा मूल्य वाढवलं तर विशेष नोटीस यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत. कारणं थोडक्यात पण पूर्ण लिहा, कारण लिहिलं नाही ते पुढे उकरून काढणं कठीण जातं. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा. निकाल विरोधात गेला तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे अपील, तेही १५ दिवसांत आणि मागणीची रक्कम आधी जमा करून. आधी हरकत घेतलीच नसेल तर तिथे दार बंद.

आणि भांडण चालू आहे म्हणून कर थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरा.

खारघर-कामोठ्याहून आलेले दिसतात. तुमचं प्रकरण निराळं. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, तेव्हापासूनचा कर आणि वर सिडकोचं सेवाशुल्क, हा तुमचा वाद. तिथे ‘किती’ हा प्रश्न नाहीच, ‘लावता येतो का’ हा आहे. क्षेत्रफळ मोजून तो सुटायचा नाही.

हो, हो, थांबतो. ज्यांनी बिलं आणलीत त्यांनी सत्कारानंतर चहाच्या टेबलापाशी भेटा. नुसतं बिल नको, विशेष नोटीस असेल तर ती आणा, आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीटही. त्यावर पोस्टाची तारीख असते.