तार तोडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आईची एक दोनशे पानी वही होती. डावीकडे तारीख आणि पुढे तीन आकडे: सकाळचे, दुपारचे, रात्रीचे ठोके. १२८, ९६, १४२. मनगटावर तीन बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत ती मोजायची. मोजता मोजता चुकायची, कारण ठोके ओळीने येतच नसत. चार भराभर, एक गायब, मग दोन जोडीने. छातीत पडणारे सगळे ठोके मनगटापर्यंत पोचतही नव्हते, हे आम्हाला पुढे ईसीजीवरून कळलं. दोन पोळ्या लाटल्या की तिला स्टुलावर बसावं लागे. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत धडधड ऐकू येते म्हणून ती रात्रभर उजव्याच कुशीवर पडून राहायची.

तिला एट्रियल फिब्रिलेशन होतं. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विजेचे संदेश तिथून सुटतात. ते सगळे खाली गेले तर हृदय रक्त ढकलूच शकणार नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये नाक्यावर बसल्यासारखी एक गाठ असते, एव्ही नोड. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करताना १९०६ साली तिचं वर्णन केलं. ही गाठ बरेच संदेश अडवते, पण आईच्या बाबतीत अडवूनही जे सुटत, तेच तिला झेपत नव्हते.

नाडी संथ करणारी औषधं देऊन बघितली: मेटोप्रोलॉल झालं, डिल्टियाझेम झालं, डिगॉक्सिन झालं. डोस वाढवला की रक्तदाब उतरे आणि न्हाणीघरात चक्कर येई. कमी केला की वहीत पुन्हा १४०. अमिओडेरोन या दुसऱ्या औषधाने थायरॉइड बिघडलं. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांभोवतीचा भाग जाळून करतात ते अ‍ॅब्लेशन तिला का नको, हेही आम्ही विचारलं. त्यात नाडी मुळापासून ताळ्यावर येण्याची आशा असते. पण तिचं दुखणं कायमचं होऊन बरीच वर्षं झाली होती, वरचा डावा कप्पा फार फुगला होता, आणि यश टिकण्याची शक्यता कमी होती.

मग डॉक्टर म्हणाले, पेसमेकर, म्हणजे विजेने हृदयाला ठोके द्यायला लावणारी छोटी पेटी, बसवू आणि एव्ही नोडची ती गाठच जाळून टाकू. एकदा जाळली की परत जोडता येत नाही. पुढचं सगळं आयुष्य पेसमेकरवर.

त्याच दुपारी संमतिपत्र समोर आलं. दुसऱ्या दिवशीची वेळ रिकामी होती म्हणे. आई माझ्याकडे बघत होती, पेन तिच्या हातात होतं. ते मी काढून घेतलं, याचं मला आजही समाधान आहे. काही रुग्णांत, हृदय निकामी होत चाललं असेल तर, घाई करावीच लागते. आईचं तसं नव्हतं. तिला वाट पाहता येणार होती, आणि ते आम्हाला कोणी आपणहून सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, "अगं, ती पेटी मध्येच बंद पडली तर?" हा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टरांपुढे ठेवला. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं जाते, तपासणीत ती उतरत आल्याचं महिनोन्‌महिने आधी दिसतं, आणि तेव्हा सहसा पेटीपासून हृदयात गेलेली वायर तीच ठेवून पेटी बदलतात. गाठ जाळल्यावरही बहुतेकांचं हृदय स्वतःहून मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, पण त्या भरवशावर राहायचं नसतं. मी आईला आर्ने लार्सन या स्वीडिश माणसाची गोष्ट सांगितली. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली त्यांना मिळाला. पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलून ते ८६ वर्षं जगले. ती गप्प राहून ऐकत होती.

श्रोतेहो, आता जे सांगते ते कृपा करून लक्षात ठेवा. गाठ जाळल्याने फिब्रिलेशन जात नाही. नाडी संथ आणि एकसारखी होते, पण वरचे कप्पे थरथरतच राहतात, तिथे गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊ शकते. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी लागत होती त्यांना ती पुढेही लागतेच. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी नाडी सुधारली म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद केली आणि सात महिन्यांत त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ते आठवलं की अजून जीव कळवळतो.

आणि वायर कुठे बसवणार, हे विचारा. उजव्या खालच्या कप्प्यातूनच सतत ठोके दिले तर काहींचं हृदय काही वर्षांत कमजोर होतं. म्हणून दोन्ही बाजूंनी ठोके देणारा पेसमेकर किंवा हृदयाच्या स्वतःच्या विजेच्या वाटेवर, म्हणजे डाव्या बंडलपाशी, बसवलेली वायर, असे पर्याय आहेत. आपल्याला कोणता, हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून ठरतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आम्हाला उमगलं की यात दोन पायऱ्या आहेत. काही ठिकाणी दोन्ही एकाच दिवशी करतात. पण आधी पेसमेकर बसवून, वायर नीट रुजावी म्हणून चार-सहा आठवडे थांबून मग गाठ जाळण्याचीही पद्धत आहे. त्या आठवड्यांत परतीचा रस्ता उघडा असतो. नाडी अति संथ होण्याची भीती नसल्याने औषधांचा डोसही थोडा धीटपणे वाढवून बघता येतो. तेवढ्यावर निभावलं तर गाठ तशीच ठेवायची.

आईने पाच आठवडे वही लिहिली. एकाही दिवशी तिन्ही आकडे ११० च्या खाली आले नाहीत. शेवटच्या रविवारी तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "ही गाठ आता माझं काय राखतेय गं? जाळू दे." ती ७४ वर्षांची होती. ते वाक्य तिचं तिने उच्चारलं, आमच्यापैकी कोणी तिच्या तोंडी घातलं नाही.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून तार घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, ती जागी होती. जांघेतल्या शिरेतून तार आत गेली, छातीत थोडं गरम लागलं, आणि जाळण्याचं काम काही मिनिटांत झालं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पेसमेकरचा वेग हळूहळू खाली आणला, खाली तिचे स्वतःचे ठोके आहेत का ते बघायला. पडद्यावर ३८ दिसले. दोन शिखरांमधली ती लांब सपाट रेघ बघताना मी तिचा हात घट्ट धरला होता. मग वेग परत ८० वर नेला. पहिले एक ते तीन महिने तो मुद्दाम ८० ते ९० ठेवतात, कारण इतकी वर्षं धावलेलं हृदय एकदम संथ केलं तर सुरुवातीला घातक ठोके पडण्याचा धोका असतो.

घरी आल्यावर तिने सवयीने वही काढली. ८०, ८०, ८०. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सकाळी तिने मोजायला बोटं ठेवली, जरा वेळ तशीच बसली आणि उठून कणीक मळायला गेली. त्या वहीच्या मागच्या पानांवर आता दुधाचा हिशेब आहे.