नाटक संपलं की सेट कुठे जातो?

नमस्कार मंडळी!

(फ्लॅटची पुढची बाजू कॅमेऱ्याकडे)

हा नाटकाचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा एक सुटा तुकडा. चार फूट रुंद, आठ फूट उंच. पुढून बघितलं तर वाड्याची भिंत. आता मागून बघा. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर पातळ प्लाय, आणि इथे मार्करने लिहिलंय, 'डावी २'. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, 'उजवी, मागची'. म्हणजे हा दोन नाटकांत उभा राहिलाय. आजचा विषय हाच आहे.

कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही चार रात्री जागून किल्ल्याचा बुरूज केला होता. सगळा थर्माकोलचा. प्रयोग पाऊण तासाचा. तो संपल्यावर बुरूज ठेवायला जागा नव्हती, म्हणून नाट्यगृहाच्या मागच्या आवारात टाकून आलो. वाऱ्याने त्याचे पांढरे दाणे गटारापर्यंत पसरलेले मला अजून आठवतात. पुढे २०१८च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला. पण प्रश्न एकट्या थर्माकोलचा नाही.

युरोपातल्या ऑपेराचं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाचं बघा. तिथे सेट म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर प्लाय, त्यावर फोम, वर आग न लागण्याचा लेप आणि रंग. हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. प्रयोग थांबले की तो कंटेनरमध्ये जातो, आणि गोदामाचं भाडं परवडेनासं झालं की मोडीत. चिकटवलेलं लाकूड आणि फोम सुटा करता येत नाही, त्यामुळे भंगारवालासुद्धा लोखंड तेवढं घेतो.

इंग्लंडमध्ये ससेक्सच्या टेकड्यांत ग्लाइंडबोर्न नावाचं ऑपेरागृह आहे. साधारण बाराशे खुर्च्या, आजूबाजूला कुरणं आणि मेंढ्या. त्यांनी २०१२ साली शेजारच्या टेकडीवर ८५० किलोवॅटची पवनचक्की उभारली. पहिल्या दहा वर्षांत तिने त्यांच्या स्वतःच्या वापरापेक्षा थोडी जास्तच वीज दिली. मला हे काम फार मोठं वाटतं. तरी विजेचा प्रश्न सुटला म्हणून सगळं सुटत नाही. प्रेक्षक गाड्या घेऊन येतात, तो प्रवास उरतो. आणि सेट उरतो.

ब्रिटनमधल्या नाटकवाल्यांनी मिळून 'थिएटर ग्रीन बुक' तयार केलं, म्हणजे पर्यावरणाला जपून नाटक कसं करायचं याची मार्गदर्शिका. त्यातली पहिली पायरी अशी: सेटमधलं निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं हवं, आणि प्रयोग थांबल्यावर ६५ टक्के सामान पुन्हा कुठेतरी वापरात गेलं पाहिजे. हा हिशेब शेवटच्या प्रयोगानंतर मांडून उपयोग नसतो. नेपथ्यकार पहिलं चित्र काढतो त्याच दिवशी तो मांडावा लागतो. हा जोड डिंकाने करायचा की स्क्रूने? हे कोण उचलणार, कुठे ठेवणार?

फ्रान्समध्ये पॅरिस आणि लिओंचा ऑपेरा, पॅरिसचंच शातले थिएटर, एक्स-आं-प्रोव्हान्सचा महोत्सव, आणि सोबत ब्रसेल्सचं ला मोने, अशा पाच जणांनी एकत्र येऊन सेटच्या आतल्या चौकटींची मापं सारखी करायचं ठरवलं. वरचं रूप ज्याचं त्याचं, आतला सांगाडा सगळ्यांना चालेल असा. मग लिओंची चौकट ब्रसेल्सलाही बसेल.

हे वाचलं तेव्हा मला आपली नाटकाची बस आठवली. पुढे कलाकार, मागे सेट. आज एका गावात प्रयोग, उद्या दुसऱ्या. जे बसमध्ये मावतं आणि तास-दोन तासांत उभं राहतं तेच आपल्याकडे टिकलं. म्हणून घडीचे फ्लॅट, सुट्या लेव्हल्स (म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे), बिजागऱ्यांचे दरवाजे. हे शहाणपण आपल्या बॅकस्टेजच्या माणसांकडे आधीपासून आहे. नेपथ्य शिकवताना हे आवर्जून शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. कोकणातला दशावतार तर एका बाकड्यावर अख्खी रात्र काढतो. ते बाकडं सिंहासनही होतं.

दिव्यांचं थोडक्यात. रंगमंचावरचा जुना 'पार' नावाचा दिवा एक हजार वॅटचा, आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. तीच उष्णता घालवायला वर एसी. एलईडीने हे खूप कमी होतं. पण प्रकाश अगदी हळूहळू मावळवायचा असेल तर स्वस्त एलईडी शेवटी झटका देऊन विझतो. म्हणून प्रकाशयोजनाकार कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. दिवे बदलताना त्यांना विचारूनच बदला.

आता परत या फ्लॅटकडे.

(स्क्रू-ड्रायव्हर हातात)

चार कोपरे, चार पट्ट्या, प्रत्येकीला दोन स्क्रू. डिंक कुठेही नाही. हा एक निघाला... हा दुसरा. बघा, प्लायला चीरही गेली नाही. वाड्याच्या भिंतीवर आता पांढरा हात मारायचा, कारण पुढच्या महिन्यात आमच्या गटाला दवाखाना उभा करायचाय. मार्कर द्या जरा. 'डावी २', 'उजवी, मागची', आणि आता तिसरं, 'मधली, खिडकीची'.