पेट्रोलचा कर, श्रमदानाचे तास आणि डोंगरातली वाट

[दृश्य: बर्फावर उभ्या स्नोमोबाइलची टाकी भरली जाते आहे]

अमेरिकेत पंपावर पेट्रोल भरलं की गॅलनमागे 18.4 सेंट केंद्राचा कर जातो. तो प्रामुख्याने महामार्गांच्या निधीत जमा होतो. पण स्नोमोबाइल, रानावनात चालणारी एटीव्ही, डोंगरातल्या मोटरसायकली यांचा महामार्गाशी संबंध काय? त्यांच्या मालकांचं म्हणणं सरळ होतं: आमचा कर आमच्या वाटांवर खर्च करा.

आयडाहोचे सिनेटर स्टीव्ह सिम्स यांचं नाव लाभलेल्या 1991 च्या कायद्याने हे म्हणणं मान्य केलं. त्यातूनच अशा वाटांना पैसा पुरवणारी आजची केंद्राची योजना, 'रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅम', उभी राहिली. अलीकडे राज्यांना त्यातून वर्षाला साधारण 8 कोटी 40 लाख डॉलर मिळतात. गाडीवाल्यांच्या संघटना म्हणतात, आमचा कर याच्या कितीतरी पट जमा होतो. ती तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे.

आता वाटणी बघा. 30 टक्के इंजिनाच्या वाहनांच्या वाटांसाठी. 30 टक्के पायी, सायकलवर किंवा घोड्यावर जाणाऱ्यांसाठी. उरलेले 40 टक्के, अनेकांनी मिळून वापरायच्या वाटांसाठी. एरवी एकमेकांना पाहून कपाळाला आठ्या घालणारी ही मंडळी इथे भागीदार होतात. निधीवर सल्ला देणाऱ्या राज्याच्या समितीत दोन्ही बाजूंची माणसं लागतात, नाहीतर राज्याला पैसे मिळत नाहीत. शिवाय या पैशातून कुणाची जमीन सक्तीने घेता येत नाही. मालक राजी असेल तरच वाट पुढे सरकते.

[दृश्य: स्वयंसेवकाच्या हातातलं अवजार, जवळून]

हे पुलास्की. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. मुळं तोडायची आणि त्याच दांड्याने माती ओढायची. डोंगराच्या कडेने वाट कोरताना ती दरीच्या बाजूला किंचित कलती ठेवतात. डोळ्याला जाणवणारही नाही इतकाच कल. त्यामुळे पावसाचं पाणी वाट ओलांडून निघून जातं. कल चुकला, तर तेच पाणी वाटेवरून धावत सुटतं आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते.

हा घाम हिशोबात धरला जातो, आणि या योजनेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. केंद्राचा पैसा साधारणपणे खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत. उरलेला वाटा स्थानिकांनी उभा करायचा, पण तो रोखच हवा असं नाही. श्रमदानाचे तास, कुणी दिलेली खडी, लाकूड, सगळ्याची किंमत धरता येते. गाठीशी पैसा नसलेल्या गावालाही त्यामुळे अर्ज करता येतो.

अडचण पुढे येते. पैसे बहुतेक वेळा काम झाल्यावर मिळतात. आधी स्वतः खर्च करायचा, बिलं जोडायची, मग परतावा. मोठ्या शहराला हे परवडतं. चार-दोन उत्साही लोकांच्या मंडळाने खडीवाल्याचे पैसे तोवर कुठून द्यायचे? ज्यांच्यासाठी श्रमदानाची सवलत ठेवली, नेमके तेच इथे अडकतात. मंजूर रकमेतला काही भाग छोट्या संस्थांना आगाऊ मिळायलाच हवा.

तोवर कामाच्या जागी एक वही सोबत ठेवावी लागते. तारीख, नाव, काम, तास आणि सही. ही नोंद करायची राहून गेली, तर दिवसभर उपसलेल्या मातीचा एक सेंटही धरला जात नाही.