पडदा नावाचा घोळ

अध्यक्ष महाशय, आणि पुढच्या खुर्च्या मोकळ्या ठेवून मागे पंख्याखाली बसलेले मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'उतारवयात डोळ्याच्या पडद्याला पडणारी छिद्रं'. पण आधी मला 'पडदा' या शब्दाशीच भांडायचंय. डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला चिकटलेला उजेड टिपणारा थर म्हणजे रेटिना. त्याला आपण पडदा म्हणतो. मोतीबिंदू झाला की म्हणतो, डोळ्यावर पडदा आलाय. आणि रेटिना त्या भिंतीपासून सुटला की पेशंटला समोर दिसतो तोही पडदाच! एकाच नटाला तीन भूमिका, आणि मधे कपडे बदलायलाही वेळ नाही. 'दृष्टिपटल' चांगला शब्द आहे, पण तो शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडायला तयार नाही.

आता सांगलीत पडद्याबद्दल बोलायचं म्हणजे जपून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' केलं. म्हणून माझा सगळ्यात आवडता पेशंट तुमच्यासाठी राखून ठेवलाय. नाटक कंपनीत पडदा ओढण्यात या काकांचं आयुष्य गेलेलं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, काहीतरी चुकतंय. पडदा खालून वर चाललाय. मी चाळीस वर्षं तो वरून खाली सोडला."

मी हसलो, आणि लगेच गप्प झालो. डोळ्यात चित्र उलटं पडतं. सावली खालून आली म्हणजे रेटिना वरून सुटलाय. वरचा भाग सुटला की मागे शिरलेलं पाणी वजनानं खाली उतरतं आणि रेटिना भराभर उकलत जातो. वाचायचा मधला भाग सुटायच्या आत गाठायला हवं.

विचारलं, "आधी काही झालं होतं?" म्हणाले, "बारा दिवसांपूर्वी अंधारात कडेला वीज चमकायची. वाटलं, स्पॉटवाला नवा दिसतोय." (हशा) मग काळे ठिपके आले. दोन दिवस ते हातानं चिलटं हाकलत होते. मग कुणीतरी नंबर वाढलाय म्हणून नवा चष्मा दिला. चष्मा सुंदर होता हो, तसली फ्रेम मी अजून शोधतोय. पण बाहुली मोठी करून आत बघावं, हे कुणाला सुचलं नाही. मी थेंब घालायला गेलो तर काका म्हणतात, "नको, लुना घेऊन आलोय!" लुना दवाखान्यातच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं, डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. तो वर तरंगतो आणि वरचं छिद्र दाबून धरतो. बजावलं, वायू विरेपर्यंत विमानात बसायचं नाही. "बसवणार कोण?" म्हणाले. नजर वाचली. लुना मात्र आठवडाभर माझ्याकडेच होती आणि तिला मी...

चिठ्ठी आली. 'चहा तयार आहे.' बरं, मूळ विषय पळत पळत सांगतो.

डोळ्यात चारेक मिलिलिटर जेली असते, जवळजवळ सगळं पाणीच, बाकी कोलॅजनचे धागे. वयाबरोबर ती पातळ होते, आक्रसते आणि रेटिनापासून सुटते. पन्नाशीनंतर हे बहुतेकांना केव्हातरी होतंच. मायनस नंबर मोठा असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर लवकर. बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण जिथं ती घट्ट चिकटलेली असते तिथं सुटताना रेटिनाला ओढते आणि घोड्याच्या नालेसारखी फाट पडते. नव्यानं चमका-ठिपके आलेल्या शंभरात साधारण दहा ते पंधरा जणांना. दुखत नाही, कारण रेटिनाला वेदना कळतच नाही. ओढलं तरी त्याला उजेडच दिसतो.

फाट वेळेत सापडली तर भोवती लेसरचे डाग देऊन ती सील करतात, बसल्या बसल्या. घट्ट व्हायला दहा-बारा दिवस लागतात. उशीर झाला तर त्या फाटेतून पाणी मागे शिरतं आणि काकांचा पडदा सुरू. छिद्र बंद करा म्हणजे रेटिना बसेल, हे स्वित्झर्लंडचे डोळ्यांचे डॉक्टर झूल गोनँ यांनी सांगितलं तेव्हा मोठमोठे डॉक्टर मानायला तयार नव्हते. ती गोष्ट आज राहिली.

चमका, ठिपक्यांचा नवा सडा किंवा कडेची सावली दिसली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवा. पहिल्या तपासणीत काही सापडलं नाही तरी चार-सहा आठवड्यांनी परत या. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा बरोबर कुणाला तरी आणा, लुना नको.

हो काकू, एकेक डोळा झाकूनच बघायचं, नाहीतर चांगला डोळा वाईटाची चुगली करत नाही. आत्ता नको, हातात चहा आहे.