फक्त शेवटचं अक्षर सांग

(दृश्य: नारायण पेठ. जुन्या इमारतीचा लाकडी जिना. दाराच्या कडीत खोचलेला पेपर.)

सकाळचे साडेसहा. माझी आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती आधी चहा घेते, मग पेपर उघडते आणि आतल्या पानाची अशी घडी घालते, की वर फक्त शब्दकोडं राहावं. शिसपेन्सिलीला टोक रात्रीच काढून ठेवलेलं असतं.

कोडं सोडवताना कुणाला विचारावं का, यावर आमच्या घरात आजोबा असेपर्यंत रोज वाद व्हायचा. आजोबा म्हणायचे, विचारलं की कोडं बाटलं. आजी म्हणायची, विचारायला अंगात कला लागते. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आजी अजून विचारते. मी तिच्याशेजारी कॅमेरा घेऊन एक अख्खा दिवस बसले, तो हा दिवस.

(दृश्य: चौकट जवळून. पेन्सिल एका घरावर थांबलेली.)

आठ आडवा. 'पेरणीचे अवजार', तीन अक्षरी. आजीचा जन्म सदाशिव पेठेतला, सासर नारायण पेठेतलं. शेत तिनं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. ती पेन्सिल खाली ठेवते आणि वाट पाहते. सव्वाआठला घरकामाच्या मावशी येतात. त्या मूळच्या इंदापूरकडच्या.

"अगं, पेरायच्या अवजाराला काय म्हणतात गं? तीन अक्षरी आहे."

मावशींचे हात साबणात आहेत. "पाभर म्हना. न्हाय तर तिफन. शेवटाला काय येतंय बगा की."

मावशी कोडं सोडवत नाहीत. पण शेवटचं अक्षर आधी बघायचं, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालंय. पाभर की तिफण? दोन्ही तीन घरांत बसतात. तिफणीला तीन फण, म्हणून ती तिफण. मावशी हात पुसून बाहेर येतात आणि पाभर कशी चालते ते दाखवतात. बैल पुढे, मागे फण, फणांवर नळ्या उभ्या, आणि नळ्यांच्या तोंडाशी लाकडी वाटीसारखं चाडं. त्यात मुठीतून दाणे सोडत चालायचं. "चाड्यावर मूठ धरायला आमची आई असायची. दाना कमी न्हाय, जास्ती न्हाय." त्यांची मूठ हवेत हळूहळू उघडते, बंद होते, उघडते. माझ्याकडच्या सगळ्या चित्रीकरणात मला सगळ्यात प्रिय आहे ती ही मूठ.

आता नऊ उभा. हा शब्द त्या तिसऱ्या घरातूनच खाली उतरतो. 'सूर्य', दोन अक्षरी. भानू, अर्क, मित्र, रवी. कोडी सोडवणाऱ्याला सूर्याची नावं तोंडपाठ असावी लागतात, तशीच पाण्याची आणि कमळाचीही. 'ण'वरून सुरू होणारा सूर्य आजीला माहीत नाही. तिफण बाद. पाभर. खाली रवी.

आजी मात्र लिहिते 'रवि'. वि ऱ्हस्व.

(दृश्य: खोडरबर. कागद विरळ झालेला.)

आणि अडकते. कारण त्याच घरातून बारा आडवा निघतो. 'सरस्वतीच्या हातातले वाद्य', दोन अक्षरी. वीणा. तिथे वी दीर्घ.

इंग्रजी कोड्यात ही अडचण येत नाही. तिथे एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर. मराठीत एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं धरून. 'स्त्री' एका घरात मावते. त्यामुळे आडव्या-उभ्याचा सांधा जुळवताना कोडं रचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येत असणार, याबद्दल मला शंका नाही. सोडवणाऱ्याला मात्र एक घर मिळालं की पुष्कळ मिळतं.

आजी फोन उचलते. सहकारनगरला तिची शाळेपासूनची मैत्रीण राहते, मराठीची निवृत्त शिक्षिका.

"रवि ऱ्हस्व ना गं?"

"संस्कृतात ऱ्हस्व. मराठीत एकटा आला की दीर्घ. बासष्टचे नियम."

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं स्वीकारले. तेव्हा चौदा नियम होते, १९७२ साली आणखी चार आले. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, हा त्यातलाच. मैत्रीण तेव्हा नुकती नोकरीला लागली होती, तिनं ते नियम वर्गात शिकवले. आजीची शाळा त्याआधीच संपली होती. ती 'नांव' आणि 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहायला शिकली. गेली साठ वर्षं या दोघी फोनवर या एका नियमावरून भांडत आल्या आहेत.

"मग रविवार पेठ?"

"समासात ऱ्हस्वच राहतो. रविवार पेठ ऱ्हस्व, शनिवारवाडा ऱ्हस्व. नुसता रवी, नुसता शनी दीर्घ."

आजी खोडते. वी. आता वीणा बसते. तिचा चेहरा बघा. हार मानल्याचा भाव त्यात कुठेच नाही, आणि मला तो शोधूनही सापडला नाही.

(दृश्य: पुस्तकांचं कपाट. जाड, तपकिरी पाठीचे खंड.)

जगातलं पहिलं शब्दकोडं छापून आलं २१ डिसेंबर १९१३ रोजी, न्यूयॉर्कच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात. रचणारे आर्थर विन, मूळचे लिव्हरपूलचे. त्याचा आकार पतंगासारखा होता आणि काळी घरं त्यात नव्हतीच.

पुण्यात १९३२ साली दोन गोष्टी झाल्या. १ जानेवारीला नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' सुरू केला, आणि त्याच वर्षी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा पहिला खंड निघाला. १९३८ पर्यंत सात खंड झाले. ते आमच्या कपाटात आहेत, आजोबांचे. शब्दकोशात बघितलं तर कोडं बाटत नाही, असं त्यांचं मत होतं. पण छापील कोश पहिल्या अक्षरावरून उघडतो, आणि कोडं बहुतेक वेळा हातात देतं शेवटचं नाहीतर मधलं. सातही खंड समोर असून आजोबा तासन्‌तास अडकून बसलेले मी पाहिलेत.

आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दाते-कर्वे आणि मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश, दोन्ही फुकट बघता येतात. मी आजीला ते दाखवलं. तिला आवडलं, आणि मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत ती दुपारभर रमली. कोड्यातलं एकही घर तेवढ्या वेळात भरलं नाही. संगणकाला घरं मोजायला लावलं तर आणखी घोळ. आपल्या दृष्टीनं 'स्त्री' हे एक अक्षर. संगणक ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असं साठवतो आणि सहा मोजतो.

माणसाला 'शेवटी र, पेरायचं काहीतरी' एवढं सांगितलं तरी पुरतं.

(दृश्य: दुपार. खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी दारात उभा.)

हा मुलगा खाली भाड्यानं राहतो. त्याला आजी विचारते, "एकही धाव न दिलेले षटक. तीन अक्षरी, शेवटी व."

"मेडन ओव्हर, आजी."

"ते झालं इंग्रजी. मराठीत?"

त्याला मराठी शब्द येत नाही, आणि आजीला मेडन म्हणजे काय ते नीट माहीत नाही. तो समजावून सांगतो. सहा चेंडू, धाव एकही नाही. आजी ऐकते, पुटपुटते, "धाव नाही… बिनधाव… निर्धाव!" नि, र्धा, व. मुलगा दारातच टाळी वाजवतो. उत्तर नेमकं कुणाला आलं, ते सांगणं अवघड आहे.

आजीचा एक नियम आहे आणि तो ती कडकपणे पाळते. समोरच्याला उत्तर आलंय असं दिसलं, की ती हात वर करते. "सांगू नकोस. फक्त शेवटचं अक्षर सांग." तेवढ्यावर नाही जमलं, तर मधलं. पूर्ण शब्द अगदीच शेवटी. मी लहान असताना भसकन उत्तर सांगून टाकायचे. मग ती पेन्सिल माझ्या हातात देऊन म्हणायची, "घे, तूच लिही आता." तिची सकाळ मी हिरावून घेतली होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

(दृश्य: संध्याकाळ. दिवा लावलेला. चौकट पूर्ण भरलेली.)

सात वाजता फोन वाजतो. सहकारनगर.

"तुझं झालं का? मी पंधरा उभ्यावर अडकलेय. चुलीला जोडून असलेली लहान चूल. दोन अक्षरी."

हे घर आजीनं सकाळी कुणालाही न विचारता भरलं होतं.

"शेवटी ल," आजी म्हणते.

"चूल नाही ना?"

"ते शोधसूत्रातच आहे. तुझी आई दूध कुठे ठेवायची? मोठ्या चुलीवर भात असायचा तेव्हा?"

पलीकडे शांतता. आजी फोन कानाशी धरून थांबते. ती घाई करत नाही, दुसरं काही सुचवत नाही. मग पलीकडून हसण्याचा आवाज येतो, आणि पाठोपाठ शब्द.

फोन ठेवल्यावर मी विचारते, "आजी, वैल म्हणजे गं काय?"

ती पेपर उलटा करते. जाहिरातीच्या कडेला कोरी जागा शोधते आणि पेन्सिलीनं एक मोठं गोल काढते, त्याला चिकटून एक लहान, आणि दोघांच्या मध्ये आच जायला एक भोक.