तीन ग्रॅमचा पडदा

(दृश्य : पांढरी रांगोळी, अगदी जवळून. सुरुवातीला नुसता आवाज.)

ही रांगोळी. आपण दारात घालतो तीच. तिच्याखाली १२ मायक्रॉन जाडीची पॉलिस्टर फिल्म आहे, चौकटीवर ताणून चिकटवलेली. बाबा घरी बनवतायत त्या स्पीकरचा हा पडदा. बाबांनी सिग्नल जनरेटरवरून एक सूर सोडलाय आणि आता ते तो हळूहळू वर चढवतायत. जिथं फिल्म हलत नाही, तिथं रांगोळीच्या रेघा गोळा होतात. डावीकडं त्या सरळ उमटल्यात. उजव्या कोपऱ्यात बघा, सगळी रांगोळी एकीकडं ओढली गेलीय. तिथं ताण कमी पडलाय.

बाबा काही बोलत नाहीत. फिल्म काढायची, नवी ताणायची. आजची ही चौथी.

(दृश्य : गच्चीवरची खोली, टेबल, व्हर्निअर, जुना चष्मा.)

बाबांनी भोसरीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवरच्या खोलीत हे मांडलं. प्लेनर मॅग्नेटिक स्पीकर.

आपल्या घरातल्या स्पीकरमध्ये कागदाचा कोन असतो, त्याच्या बुडाशी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, असते, आणि हे सगळं एका खोक्यात बंद असतं. कॉइल कोनाला बुडाशी ढकलते, बाकीचा कोन तिच्यामागून जातो. इथं कोनही नाही आणि खोकंही नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या थेट फिल्मवर पसरलेल्या असतात आणि समोर मॅग्नेटच्या रांगा. त्यामुळे जोर एका जागी लागत नाही, फिल्मच्या अंगभर लागतो. या पॅनेलमधला हलणारा भाग, म्हणजे फिल्म आणि पट्ट्या मिळून, वजनाला तीन ग्रॅमच्या आसपास आहे.

ही वाट रुळवली ती अमेरिकेतल्या जिम वायनी यांनी. ते थ्रीएम कंपनीत इंजिनिअर होते. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेवर पडदा हलवणाऱ्या स्पीकरचा आवाज त्यांना आवडायचा, पण त्याला हजारो व्होल्टचा पुरवठा लागतो. फ्रीजच्या दारावर चिकटतात त्या जातीच्या लवचिक फेराइट पट्ट्या घेऊन त्यांनी तेच काम चुंबकावर करून दाखवलं. १९६९ साली मिनेसोटातल्या व्हाइट बेअर लेक या गावी मॅग्नेपॅन कंपनी उभी राहिली. वायनींनी मॅग्नेट एकाच बाजूला ठेवले होते. काही लोक याला काटकसर म्हणतात. मला ते पटत नाही. समोरची बाजू पूर्ण मोकळी राहते, आवाजाच्या वाटेत लोखंड येत नाही, आणि दोन्ही बाजूंना मॅग्नेटच्या प्लेट असल्या की त्या एकमेकींशी झगडतात, तेही इथं होत नाही. हा झगडा काय असतो, ते आता दिसेल.

(दृश्य : मॅग्नेट बसवताना बाबांचे हात.)

एकाच बाजूला मॅग्नेट असले की फिल्म त्यांच्यापासून जरा लांब गेली तरी जोर घटतो, जवळ आली की वाढतो. मोठ्या आवाजात हा फरक कानाला कळतो. म्हणून बाबांनी दोन्ही बाजूंना मॅग्नेट लावायचं ठरवलं, आणि तेही निओडिमियमचे. फेराइटच्या मानानं त्यांची ताकद दहापटीच्या घरात जाते. एका प्लेटवर १० रांगा, एका रांगेत १२ मॅग्नेट. दोन प्लेटचे मिळून २४०.

एक रांग उत्तर, पुढची दक्षिण. फिल्मवरच्या पट्ट्या दोन रांगांच्या मधल्या फटीसमोर येतात, कारण तिथं चुंबकाचं क्षेत्र फिल्मच्या पातळीत आडवं धावतं. एका फटीत करंट वर जातो, शेजारच्या फटीत खाली येतो, म्हणजे सगळी फिल्म एकाच दिशेला ढकलली जाते.

हा बाबांनी बनवलेला लाकडी जिग, म्हणजे मॅग्नेट नेमक्या जागी बसवायचा साचा. मॅग्नेट थेट हातानं ठेवायला गेलं की तो शेजारच्यावर झेप घेतो. निओडिमियम ठिसूळ असतं, आपटलं की टवके उडतात. पहिल्या आठवड्यात सात मॅग्नेट असे गेले आणि बाबांच्या अंगठ्याचं नख काळं झालं. आता प्रत्येक मॅग्नेट जिगच्या खाचेतून सरकत येतो, अ‍ॅराल्डाइटवर बसतो आणि रात्रभर तसाच राहतो.

(दृश्य : प्लेटवर ठेवलेली स्टीलची पट्टी, फटीत सरकणारा फिलर गेज.)

आता तो झगडा. दोन्ही प्लेटवर समोरासमोर सारखेच ध्रुव येतात, त्यामुळे प्लेट एकमेकींना लोटतात. २ मिलिमीटरच्या प्लेट चौकटीवर आवळल्या आणि मध्यावर प्रत्येकी ०.६ मिलिमीटर बाहेर फुगल्या. डोळ्याला दिसत नाही, फट मोजायच्या पातळ पात्यांना, म्हणजे फिलर गेजला दिसतं. फिल्म आणि मॅग्नेट यांच्यातली फट २ मिलिमीटरची ठरवली होती, तिथं हे फार झालं. चौकटही पिळली आणि मेहनतीनं लावलेला ताण सुटला.

प्लेट ३ मिलिमीटरची केली. जाडी दीडपट, ताठपणा तिपटीहून जास्त. पण आवाज बाहेर पडायला प्लेटला भोकं असतात; जाड प्लेटची भोकं खोल होतात आणि वरच्या पट्टीतले सूर त्यात अडकतात. भोकं मोठी केली तर प्लेट पुन्हा लवचिक होते. भोसरीच्या लेझर कटिंगवाल्याकडं बाबांनी याचे पाच नमुने कापून घेतले. ते भिंतीवर टांगलेत तेच.

(दृश्य : रेडियम कटिंगचं दुकान. प्लॉटरची सुई.)

गाड्यांवर नावं आणि महाराजांची चित्रं चिकटवतात ते हे दुकान. याच प्लॉटरवर ॲल्युमिनियम फॉइल कापली जातेय. ३ मिलिमीटर रुंद पट्टी, एका पॅनेलला जवळजवळ ११ मीटर. तांबं वीज जास्त चांगली वाहतं, पण तेवढ्याच रोधाची ॲल्युमिनियमची पट्टी निम्म्या वजनात होते. सुई जरा खोल गेली तर खालची फिल्म कापली जाते, वर राहिली तर फॉइल सुटत नाही. दुकानदारानं तीन संध्याकाळी शटर अर्धं ओढून हे जमवून दिलं. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून टोकाला तांब्याची चकती स्क्रूनं दाबलीय.

फॉइल कापल्यावर पुन्हा फिल्मचा ताण. बाबा लहानपणी तबला शिकले होते. ते चौकटीच्या कडेनं बोटानं टिचकी मारत जातात. तबल्याच्या सोळाही घरांत सूर सारखा लागावा लागतो, तसाच इथंही. कमी लागला त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा. रांगोळी त्यानंतर.

(दृश्य : रांगोळीच्या रेघा. या वेळी चारही कोपऱ्यांत सरळ.)

सातवी फिल्म.

खर्च एका चांगल्या तयार स्पीकरच्या जोडीएवढा आला. आवाज मागेही तेवढाच जातो, म्हणून पॅनेल भिंतीपासून मीटरभर पुढं ठेवावं लागतं. दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि खर्जासाठी शेजारी साधा वूफर ठेवलाच आहे.

(दृश्य : संध्याकाळ, बैठकीची खोली. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग. आई दारात उभी.)

हा मिरजेचा तंबोरा, गेल्या वर्षी आम्हीच रेकॉर्ड केलेला.

(निवेदन नाही. चाळीस सेकंद.)

दुसऱ्या पॅनेलची चौकट वर टेबलावर आहे. बाबा जेवून परत वर गेलेत.